शंभर वॅट जातात कुठे?

मे महिन्यात दुपारी एक वाजता सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहिलं, तर डोक्यावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब साधारण असा लागतो: दर चौरस मीटरला एक हजार वॅट. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर वॅटचा दहावा हिस्सा. तेवढ्यानं डांबर मऊ पडतं, उभ्या मोटरसायकलची सीट हात लावू देत नाही आणि माणसं चार वाजेपर्यंत दार उघडत नाहीत. आता ऐंशी हजारांच्या आसपासचा एखादा गेमिंग लॅपटॉप घ्या. त्याच्या पोटातली ग्राफिक्सची चिप जेमतेम १६० चौरस मिलिमीटरची, अंगठ्याच्या नखाएवढी. खेळ रंगात आला की तिच्यात शंभर वॅट वीज शिरते. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला साठहून थोडे जास्त वॅट येतात. मेमधल्या दुपारच्या सहाशे पट.

आणखी एक भागाकार करून बघू. प्रत्यक्ष सूर्याच्या पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ६,३०० वॅट बाहेर पडत असतात. म्हणजे मांडीवरच्या त्या डब्यात, कीबोर्डच्या खाली बोटभर अंतरावर, सूर्याच्या पृष्ठभागाच्या शंभराव्या हिश्श्याची आग चालू आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांना तापलेला असतो. चिप मात्र नव्वदीच्या आत ठेवावी लागते, आणि ती राहतेसुद्धा. कशी राहते, ह्या प्रश्नाच्या उत्तरात लॅपटॉप निवडायची जवळजवळ सगळी अक्कल दडलेली आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती चिप. आपण पैसे मोजायचे असतात ते तिची उष्णता बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेसाठी. मध्यम बजेटमध्ये तर जास्तच, कारण काटकसर नेमकी तिथेच झालेली असते. आणि सोलापुरात त्याहून जास्त.

पहिलं नवल हे, की शिरलेल्या शंभर वॅटपैकी शंभरच्या शंभर वॅटची उष्णता होते. पंखा विजेतून वारा काढतो, पंप पाणी चढवतो. चिपमधून बाहेर काय येतं? आकडे. आणि आकड्यांना वजन नसतं, त्यांत ऊर्जा साठत नाही. तुम्ही सामना जिंका की हरा, वीज त्याच हिशेबानं तापून निघून जाते. पडद्याच्या उजेडाचे जे दोन-चार वॅट, तेही भिंतीवर पडून शेवटी खोली तापवण्याच्याच कामी येतात. होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तिथे कोळसा जाळून उजनीच्या पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरवतात, आणि एवढा खटाटोप करूनही कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून कमी भाग वीज होऊन तारेत जातो. उलट दिशेचं काम, विजेची उष्णता करणं, लॅपटॉप काहीही खटाटोप न करता शंभर टक्के करतो. निसर्गाला कोणती दिशा आवडते ते ह्यावरून कळावं.

पण एवढी वीज लागते कशाला? पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. हल्लीचे बरेचसे मध्यम किमतीचे पडदे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतात. गुणाकार केला तर दर सेकंदाला जवळजवळ तीस कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्यावर उजेड कुठून पडतोय, मध्ये झाड आहे का, धुकं आहे का, खालचा दगड ओला आहे का, हे सगळं आकड्यांत सोडवायचं. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० ही लॅपटॉपसाठीची चिप, तिला किती वीज मिळते त्याप्रमाणे, सेकंदाला आठ ते बारा लाख कोटी आकडेमोडी करू शकते. एका ठिपक्याच्या वाट्याला तीस हजारांच्या घरात आकडेमोडी आल्या. आणि हे सगळं १,८९० कोटी ट्रान्झिस्टरांच्या उघडझापेतून. पृथ्वीवरच्या माणसांच्या दुपटीहून जास्त ट्रान्झिस्टर एका नखावर मावतात, आणि उघडझाप करताना प्रत्येक जण किंचित तापतो.

ह्याच चिपची आणखी एक गंमत दुकानदार सांगत नाहीत. लॅपटॉपमधली ४०५० आणि तिच्या वरची ४०६० ह्या दोन्ही एकाच साच्यातल्या चिपा आहेत. सिलिकॉन तेच, ट्रान्झिस्टर तेवढेच. ४०६० मध्ये गणन करणारे ३,०७२ गाभे चालू असतात आणि स्मृती आठ जीबी मिळते. ४०५० मध्ये २,५६० चालू, बाकीचे कारखान्यातच बंद केलेले, आणि स्मृती सहा जीबी. एवढ्या बारीक कामात सगळी चिप निर्दोष उतरेलच असं नाही, म्हणून ज्यात काही भाग अधू निघाला तीही कमी नावानं, कमी दरानं विकता येते. त्यात कमीपणा काही नाही.

खरा फरक पडतो तो वॅटमध्ये. एनव्हिडिया ही चिप लॅपटॉप बनवणाऱ्यांना देते तेव्हा सांगते, की ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत तुम्हाला झेपेल तेवढ्यावर चालवा. ४०५० लाही हेच, ४०६० लाही हेच. तिप्पट-चौपट फरक, आणि डब्यावरचा स्टिकर मात्र अगदी एकसारखा. पातळ, देखण्या लॅपटॉपमधल्या ४५-५० वॅटच्या ४०६० ला जाड लॅपटॉपमधली शंभर वॅटची ४०५० सहज गाठते, कधी मागेही टाकते. नाव मोठं असलं तरी श्वास कोंडलेला.

काउंटरवर हे विचारायला गेलं की संवाद साधारण असा होतो:

“दादा, ह्यातल्या ग्राफिक्स कार्डाला वॅट किती?”

“४०५० आहे की ओ.”

“ते बघितलं. वॅट किती देतंय?”

“सहा जीबी.”

दुकानदाराचा दोष नाही, त्याला कुणी विचारतच नाही. २०२१ पासून एनव्हिडियानं लॅपटॉप कंपन्यांना हा आकडा जाहीर करायला लावला, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात तो बहुतेक वेळा सापडतो, बारीक अक्षरांत. चालू लॅपटॉप समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशन बघायचं. तिथे जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. आणि तेही जमलं नाही तर खोक्यातला चार्जरचा ठोकळा उलटा करा. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. वीस व्होल्ट, साडेअकरा अँपिअर म्हणजे २३० वॅट. वीस व्होल्ट, साडेआठ अँपिअर म्हणजे १७०. ज्या लॅपटॉपबरोबर १२० वॅटचाच ठोकळा दिलाय, त्याच्या ग्राफिक्सला शंभर वॅट मिळणं कठीण, कारण प्रोसेसर, पडदा, बॅटरीचं चार्जिंग सगळ्यांना त्यातूनच जेवायचं असतं. मला हा ठोकळा फार आवडतो. जाहिरात लिहिणाऱ्याचा हात त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो.

मग जास्तीत जास्त वॅटचा घ्यावा का? इथे दुसरं नवल आहे. ट्रान्झिस्टरला भराभर उघडझाप करायला लावायची तर त्याला थोडा जास्त व्होल्टेजही द्यावा लागतो, आणि लागणारी वीज वेगाच्या पटीत तर वाढतेच, व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. दोन्ही मिळून हिशेब जवळजवळ घनाचा होतो. वेग दहा टक्क्यांनी कमी करा, त्याबरोबर व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरू द्या, की उष्णता सत्तावीस टक्क्यांनी घटते. म्हणूनच ४०५० किंवा ४०६० ला शंभर वॅटच्या पुढे ढकलण्यात बहुतेक खेळांत काही हाती लागत नाही. त्याहून जास्त वॅटची फुशारकी मारणाऱ्या मॉडेलसाठी दहा हजार जास्त मोजणं मला पटत नाही. ऐंशी ते शंभर हा टप्पा गाठला की थांबावं. २०२५ मध्ये त्यांच्या पुढच्या पिढीतल्या ५०५० आणि ५०६० आल्या, दोन्हींना आठ जीबी स्मृती आहे, आणि दोन्हींची मर्यादा मुळातच शंभर वॅटच्या आसपास ठेवलेली आहे. कंपनीलाही ते पटलेलं दिसतं.

आता मूळ प्रश्नाकडे. हे शंभर वॅट नखाएवढ्या जागेतून निघून बाहेर जातात कसे?

चिपच्या पाठीवर तांब्याची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावरून दोन-तीन चपट्या तांब्याच्या नळ्या लॅपटॉपच्या कडेला जातात. वरून बघितलं तर वाटतं, तांबं उष्णता वाहून नेतंय. तांबं उत्तम वाहक आहे हे खरं, पण त्या जाडीच्या भरीव तांब्याच्या दांड्यांकडून हे काम वेळेवर झालं नसतं. चिप कधीच मर्यादेबाहेर गेली असती. नळ्या पोकळ आहेत. आतली हवा काढून टाकलेली असते आणि तिथे थोडंसं पाणी असतं, साधं शुद्ध पाणी, सगळ्या नळ्यांत मिळून चमचाभरही भरणार नाही एवढं. हवेचा दाब नसल्यामुळे ते शंभर अंशांची वाट बघत बसत नाही, चाळीस-पन्नास अंशांनाच उकळायला लागतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ नळीतून दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे धातूच्या पातळ पापुद्र्यांना लागून गार होते आणि पुन्हा पाणी. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर चिकटवलेला असतो. दिव्याची वात जसं तेल वर ओढते तसा तो थर पाणी ओढत ओढत परत चिपपाशी आणतो. पंप नाही, मोटर नाही, फिरणारा एकही भाग नाही. लॅपटॉप चालू आहे तोवर ह्या नळीत पाऊस पडतो आहे आणि ऊन पडतं आहे.

किती पाणी फिरतं? पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सव्वादोन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा लागते. त्या हिशेबानं शंभर वॅट वाहून न्यायला सेकंदाला ग्रॅमचे चार शतांश एवढं पाणी पुरतं. पाण्याचा एक थेंबसुद्धा ह्याहून थोडा मोठा असतो. सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याची आग सेकंदाला एका थेंबानं विझवली जाते, आणि तोच थेंब पुन्हा पुन्हा वापरला जातो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली ती अवकाशयानांसाठी, जिथे गुरुत्वाकर्षणावर विसंबून पाणी खाली उतरवता येत नाही. आज ती नव्या पेठेतल्या दुकानातल्या प्रत्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये आहे. फताटेवाडीच्या केंद्रातही पाणीच वाफ होऊन हिंडत असतं. उष्णतेची ने-आण करायची म्हटली की माणूस फिरून फिरून पाण्यापाशीच येतो.

म्हणून लॅपटॉप बघताना नळ्या किती, पंखे किती, गरम हवा बाहेर जायच्या झडपा कुठे, हे विचारायचं. दोन पंखे हवेतच. गरम हवा मागच्या बाजूनं जाणारी बरी. उजव्या बाजूनं सोडलेली असली की माउस धरलेल्या हातावर येते. बावीस-पंचवीस मिलिमीटर जाडी आणि सव्वादोन-अडीच किलो वजन ह्याला नाक मुरडू नये. लेनोव्होचा एलओक्यू, आसुसचा टफ, एचपीचा व्हिक्टस, एसरचा नायट्रो ही सगळी घराणी ह्याच पट्ट्यातली आहेत, पण एका घराण्यातही भावाभावांत वॅटचा फरक असतो. घराण्याकडे बघून घेऊ नये, मॉडेलचा पूर्ण क्रमांक बघावा.

नळी उष्णता कडेपर्यंत आणते. पुढचं काम हवेचं, आणि इथे सोलापूर मध्ये येतं.

लॅपटॉप एकूण दीडशे वॅट बाहेर टाकतोय आणि त्यातून निघणारी हवा शिरलेल्या हवेपेक्षा वीस अंशांनी गरम आहे असं धरू. मग दर सेकंदाला सहा-साडेसहा लिटर हवा त्याच्यातून वाहायला हवी. ऐकायला थोडं वाटतं. पण सव्वा तासात दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा त्या डब्याच्या आरपार जाऊन येते. पापुद्र्यांमधली फट मिलिमीटरभर असते किंवा त्याहून कमी. एका रात्रीच्या खेळात तुमच्या खोलीचा वारा तीन-चार वेळा त्या फटींतून गाळला जातो.

आता तापमान. हवा उष्णता नेते ती फरकाच्या जोरावर: पापुद्रा किती गरम, हवा किती गरम, मधलं अंतर केवढं. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपा साधारण ८७ अंशांना लगाम घालून घेतात. एसीच्या खोलीत २४ अंश असतील तर हाताशी ६३ अंशांचं अंतर आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर जातो, काही वर्षी ४३-४४ पर्यंत. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत दुपारी ३९ धरले, तर अंतर उरतं ४८. जवळजवळ चौथाई गेलं. यंत्र तेच, पंखे तेच, पण बाहेर टाकता येणारी उष्णता चौथाईनं कमी. बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश असं छापलेलं असतं. म्हणजे कंपनीच्या लेखी जुळे सोलापुरातल्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची मेमधली दुपार ही लॅपटॉप चालवण्याची वेळच नव्हे. जुन्या सोलापुरातली माळवदाची घरं, हात-दीड हात जाडीच्या भिंतींची, दुपारी चार-पाच अंशांनी गार राहतात. एकाच लॅपटॉपचा वेग माळवदाखाली वेगळा आणि स्लॅबखाली वेगळा लागू शकतो, ही गोष्ट बंगळुरूत बसून परीक्षण लिहिणाऱ्याला सुचायची नाही.

पण मघाचा घनाचा नियम इथे उलट्या बाजूनं मदतीला येतो. उष्णतेची मर्यादा चौथाईनं आखडली तरी वेग चौथाईनं पडत नाही, नऊ-दहा टक्क्यांनीच पडतो. सेकंदाला शंभर चित्रं दिसत होती तिथे नव्वद दिसतील. कुणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र ही मेहेरबानी कायमची नसते. व्होल्टेज एका पातळीच्या खाली उतरवता येत नाही. तिथून पुढे घन संपतो आणि जेवढी वीज तेवढाच वेग असा रोकडा व्यवहार सुरू होतो. पातळ लॅपटॉप आधीच त्या पातळीजवळ चालत असतो. त्याला मे महिना झेपत नाही, चित्र अडखळायला लागतं. जाड लॅपटॉपच्या गाठीला असलेले जादा वॅट उन्हाळ्यात खर्चायला उपयोगी पडतात.

सोलापूरची हवा गरम आहे, पण कोरडीही आहे, आणि हे भाग्यच. कूलर इथे मुंबईसारखा नुसता दमटपणा वाढवत नाही, खोली खरोखर उतरवतो. कूलरची हवा थेट लॅपटॉपवर सोडू नये, खोलीत फिरू द्यावी. लॅपटॉप खोलीपेक्षा गरम असल्यामुळे आत दव धरायची भीती राहत नाही.

आणि चादर! ह्या शहरात हा विषय टाळता येणार नाही. बहुतेक गेमिंग लॅपटॉप गार हवा पोटाखालून ओढतात, म्हणून त्यांना रबराचे उंच पाय दिलेले असतात. पलंगावर अंथरलेल्या सोलापुरी चादरीवर तो ठेवला की पाय जाड विणीत रुततात, पोट टेकतं आणि हवेची वाट बंद. सेकंदाचे साडेसहा लिटर कुठून येणार? पाच मिनिटांत पंखे किंचाळायला लागतात. जी चादर २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळवून महाराष्ट्रात पहिली आली, तिच्यावर गेमिंग लॅपटॉप ठेवण्याइतका अन्याय दोघांवरही दुसरा नाही.

अन्याय अशासाठीही, की नात्यानं चादर लॅपटॉपची आजी लागते. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी जॅकार्डवर विणली जाते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्ड ह्यांनी १८०४ मध्ये जी जोडणी सिद्ध केली, तिच्यात भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकत जातात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. उचल किंवा राहू दे. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेक घर म्हणजे एकेक भोक, आणि ओळीमागून ओळ चित्र उमटत जायचं. पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी ज्या तत्त्वानं रंगतात तेच हे तत्त्व, आणि चार्ल्स बॅबेज ह्यांनी आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी पुठ्ठे घेतले ते ह्याच मागावरून. सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या पद्मशाली घरांतली मुलं आज संगणकशास्त्र शिकतात, तेव्हा ती फार लांब गेलेली नसतात.

मागांचा एक वारसा मात्र त्रासाचा आहे. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून ह्या शहराच्या हवेत सुताचा बारीक तंतू आहे. यंत्रमागाच्या वस्तीत तर खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की हाताला येतो. साधी धूळ पापुद्र्यांच्या फटीतून बरीचशी आरपार निघून जाते. तंतू आडवा अडकतो, त्याला दुसरा धरतो, आणि पंखा व पापुद्रे ह्यांच्या मधोमध एक नमद्यासारखी पट्टी तयार होते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही. मागचं झाकण उघडून, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवून, मऊ ब्रशनं ती उचलून काढावी लागते. पातं धरायचं ते अशासाठी, की उरलेली धूळ उडवताना हवेच्या झोतानं पंखा उलटसुलट भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यानं हे काम होळीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा करावं. झाकण उघडल्यानं वॉरंटीला बाधा येते का ते घेतानाच विचारून ठेवावं. येत असेल तर सर्व्हिस सेंटरमधून करून घ्यावं.

बॅटरीबद्दल फार आशा धरू नये. साठ वॅट-तासांची बॅटरी दीडशे वॅटच्या खेळाला हिशेबानं चोवीस मिनिटं पुरेल, आणि तेवढी वीज ती एकदम देऊही शकत नाही, म्हणून लाइट गेली की चिप आपोआप निम्म्यावर येते. विमानात न विचारता नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा शंभर वॅट-तास असल्यामुळे हे चित्र बदलण्याची शक्यताही कमी. उष्णतेनं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली असेल तर आणखी लवकर. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय ह्या सगळ्या कंपन्यांनी दिलेली आहे, ती लावून टाकावी.

राहिलेलं भराभर सांगतो. रॅम सोळा जीबी, आणि एका सोळाच्या पट्टीपेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. एकच पट्टी असेल तर दुसरी जागा मोकळी आहे का ते बघा. पडद्याच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं की समजावं, रंग फिके आहेत. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हवं. १४४ हर्ट्झ पुरतात, त्याच्या वरचे आकडे ह्या किमतीतली चिप जड खेळांत भरून काढू शकत नाही. कीबोर्डच्या रंगीत दिव्यांविषयी मला काही म्हणायचं नाही.

सगळ्यात स्वस्त सुधारणा तर दुकानात मिळतही नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला किती चित्रं काढायची ह्यावर मर्यादा घालता येते. व्हॅलरंट किंवा जीटीए ५ सारखे खेळ ४०५० सहज शंभरीच्या पुढे नेते. त्यांना मे महिन्यात ७५ वर बांधून टाका. चिप दर चित्रानंतर थोडी विसावते, व्होल्टेज उतरतो, आणि तो घनाचा नियम आपल्या बाजूनं काम करायला लागतो. पंखे पुटपुटण्यावर येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ असा साठ-पंचाहत्तरवर बांधून खेळला तर खूपच थोड्या विजेवर चालतो, आणि त्यातल्या वाड्यांचं, पाण्याचं, उजेडाचं काम बघताना बाजूला पंख्याची घरघर नसावी असंच वाटतं. सायबरपंक २०७७ सारख्या अवजड खेळासाठी मर्यादा साठवर आणावी लागेल आणि सेटिंगही उतरवावी लागतील. त्याला इलाज नाही.

खरेदी बहुतेकांची दिवाळीच्या ऑफरमध्ये होते, शोरूममध्ये एसी चालू असतो आणि सगळेच लॅपटॉप गार वाटतात. तिथे एक परीक्षा घेता येते. चार्जर लावायला सांगा, एखादा जड खेळ किंवा ग्राफिक्सची चाचणी वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा, आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ग्राफिक्स चिपचं तापमान बघत राहा. पहिल्या दोन मिनिटांत तांबं आणि पापुद्रे तापत असतात, त्यामुळे आकडा खोटा दिलासा देतो. विसाव्या मिनिटाचा लिहून घ्या. वॅट तेवढेच राहिले तर खोलीचं तापमान जितकं वाढतं तितकंच चिपचंही वाढतं, सरळ बेरीज. शोरूममध्ये २४ अंशांना चिप ८२ दाखवत असेल तर तुमच्या ३९ अंशांच्या खोलीत ती ९७ कडे निघेल आणि ८७ ला अडवली जाईल. उन्हाळाभर वेग तुटत राहील. ७० दाखवत असेल तर मेमध्ये ८५, म्हणजे लगामाच्या दोन अंश अलीकडे. तो घ्या, आणि बिल करण्याआधी त्याच्या ठोकळ्यावरचा गुणाकार एकदा करून बघा.